पहिल्या शेजाऱ्याचं काम

जर्मनी म्हणजे पातेल्यांचा देश, अशी माझी चांगली पस्तिशीपर्यंत समजूत होती. माहेरी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, दोन पातेली होती, सासरी एक परात. ही भांडी ज्या गावाहून येतात त्यालाच जर्मनी म्हणत असणार, यात कुणाला विचारायचं काय? म्हणून आमच्या ह्यांनी जेव्हा सांगितलं, की कारखान्यात जर्मन साहेब यायचाय आणि त्याचा स्वयंपाक तुला करायचाय, तेव्हा मी सगळ्यात आधी एक पातेलं राखेनं घासघासून आरशासारखं केलं. साहेब आला त्या दिवशी त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, "आप के गाँव का है." त्याने ते हातात घेतलं, उलटं केलं, बुडावर टिचकी मारली आणि फार गंभीरपणे सांगितलं, की त्याच्या गावात असं काही बनत नाही. मला त्या माणसाची इतकी कीव आली! एवढा शिकलेला, आणि स्वतःच्या देशाचं भांडं ओळखू येत नाही.

अशी मी. सातवी पास, आणि त्या सातवीचा ताठा मॅट्रिकवाल्यांनी लाजावं असा.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढची थंडी होती. आम्ही बमरोलीत, मागांच्या कारखान्याच्या भिंतीला लागून राहायचो. मालकाने कामगारांसाठी खोल्यांची एक ओळ बांधली होती. सगळ्या खोल्यांपुढून एकच लांब ओटा, आणि ओट्याच्या मध्यावर नळ. आमच्या मराठवाड्यातली, खानदेशातली, ओडिशातली, कुठकुठली माणसं त्या ओळीत होती. आमचे हे जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. घरात दोन पोरं आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते गाव सोडून आमच्याकडे आले होते. बोलायचे कमी. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं बघायचे, जशी काही त्यांना सगळ्यांची हजेरीच घ्यायचीय.

ओळीतली पहिली, कोपऱ्यातली खोली मालकाने रंगवून जर्मन साहेबाला दिली. दुसरी आमची. साहेब साठीला आलेला, लाल चेहऱ्याचा, आडव्या हाडाचा. त्याच्या जिल्ह्यातली कापडगिरणी बंद पडली होती आणि तिथले जुने माग आमच्या मालकाने विकत घेतले होते. माग लाकडी खोक्यांतून बोटीने आले, आणि ते जोडायला मागोमाग हा आला. सगळं आयुष्य त्याने त्याच मागांवर काढलं होतं. त्याच्या आईनेही. ती त्या गिरणीत विणकाम करतच म्हातारी झाली होती.

एक माग चालू झाला. दुसरा जोडताना सुताने भरलेला बीम, म्हणजे ज्याच्यावर ताणा गुंडाळतात तो लोखंडी रूळ, गडगडत त्याच्या पावलावर आला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरने जागचं हलू नको म्हणून बजावलं. मालकाने एक खुर्ची पाठवली. तेव्हापासून साहेब ओट्यावर, मामांच्या शेजारी.

एकाला हिंदी येत नव्हती आणि दुसऱ्याला त्याहून येत नव्हती. तरी त्यांचं जमलं कसं, ते मला अजून उमगलेलं नाही. मी इथे सगळं आपल्या भाषेत लिहिते आहे. ते बोलायचे कारखान्याच्या हिंदीत, हातवारे करत आणि फरशीवर खडूने रेघा ओढत.

खडूनेच साहेबाने त्याचा जिल्हा काढला. एका अंगाला हॉलंडची हद्द, मधून एक संथ नदी, बाकी सगळं सपाट.

"डोंगर?" मामांनी विचारलं.

नाही.

"टेकडी तरी?"

ओट्याच्या कडेला गवंड्याच्या हातून सिमेंटचा एक फुगवटा राहिला होता. साहेबाने त्याच्याकडे बोट दाखवलं. एवढी.

तिथली माती काळी, पण आपल्या कापसाच्या जमिनीसारखी नव्हे. उकळून गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी. पिढ्यान्‌पिढ्या कुजलेलं गवत ते. तिच्या विटा कापायच्या, उन्हात रचायच्या आणि हिवाळ्यात चुलीत घालायच्या.

"माती जाळता?"

"जाळायचो. माझी आई मातीवरच स्वयंपाक करायची."

घरं विटांची, लांबलचक. पुढच्या अर्ध्यात माणसं, मागच्या अर्ध्यात गाई, वर एकच छप्पर. थंडीत गाईंची ऊब माणसांना. अशा जमिनीत बटाटा आणि राय नावाचं थोडं धान्य पिकायचं, त्यावर घर चालायचं नाही, म्हणून कुणीतरी तिथे गिरणी काढली. पहाटे धारा काढून माणसं सायकलवर निघायची, वाऱ्याला डोकं लावून. मग गिरणी का बंद पडली? तर बाहेरून स्वस्त कापड यायला लागलं.

"कुठून?"

"इथून," साहेब म्हणाला. "सुरतेहून. आणखीही कुठून कुठून."

राग नव्हता त्याच्या बोलण्यात. पाऊस कुठून येतो ते सांगावं तसं सांगितलं. मामांनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी तंबाखूची डबी पुढे केली.

त्याच्याकडे साखरसुद्धा जमिनीखाली मुळ्यासारखी पिकते, हे ऐकल्यावर मात्र मामांचा विश्वास उडाला. तरुणपणी ते टोळीबरोबर चलथाणच्या साखर कारखान्याला ऊस तोडायला येऊन गेले होते, त्यांना साखर कोण शिकवणार? आत येऊन मला हळूच म्हणाले, "ह्याचा पाय मोडलाय का डोस्कं, नीट बघ गं."

एक दिवस त्यांनी विचारलं, "गावाच्या कडंला कोण ऱ्हातं तुमच्यात?"

साहेबाने खडू उचलला. मग नदीपासून लांब, जिथे काळ्या मातीची दलदल होती तिथे ठिपके दिले. म्हणाला, "इथे. माझ्या आजीचे लोक. मातीच्या ढेकळांची घरं. जागा शेतकऱ्याची. त्याने शिट्टी मारली की हातातलं टाकून त्याच्या शेतात जायचं."

"मजुरी?"

"राहू दिलं, तीच मजुरी."

"वेठ," मामा म्हणाले आणि तो शब्द त्यांनी साहेबाकडून दोनदा म्हणवून घेतला. "आता?"

"आता नाही. हळूहळू गेलं."

हळूहळू हे मामांना पटलं नाही. "आमी एका दिवसात सोडलं," म्हणाले. काय सोडलं ते साहेबाने विचारलं नाही. मी आत भाकरी थापत होते, माझं लक्ष भाकरी फुगते की नाही याच्यावर.

मग एका सकाळी हे कारखान्यातून धावत आले. ऑफिसात फोन आला होता, साहेबाच्या बहिणीचा. त्याची आई गेली. दुसऱ्या दिवशी पुरणार होते. प्लास्टर घेऊन मुंबई गाठायची, तिथून विमान, आणि वेळेत पोचायचं, हे काही होण्यासारखं नव्हतं. साहेबाने मान हलवली, दोनदा, जसा काही हिशेब तोच करून बसला होता. रडला नाही. हे त्याच्याजवळ थोडे थांबले, मग पाळीवर त्यांना परत जावं लागलं.

बऱ्याच वेळाने त्याने मला विचारलं, "भाभी, इथे माझा पहिला शेजारी कोण?"

मला आधी कळेना. मग त्याने सांगितलं. त्याच्या जिल्ह्यात ज्याचं दार तुमच्या दाराला सगळ्यात जवळ, तो तुमचा पहिला शेजारी. आवडो न आवडो, बोलणं असो नसो. लग्न निघालं तर दारावर पानाफुलांची कमान तो बांधणार. आणि मौत झाली तर घरच्यांनी उठायचंच नाही, घरोघर जाऊन तो सांगणार. ज्याला सांगितलं नाही त्याने यायचं नसतं. आणि ओळीतलं एक जरी घर राहिलं, तर मेलेलं माणूस त्या घराशी अबोला धरून गेलं असं मानतात, नातवंडांपर्यंत ते भांडण चालतं.

"तिकडे आमचा शेजारी आता निघाला असेल," तो म्हणाला. "पण मी तिथे नाही. मी इथे आहे. इथे कुणी सांगितलं नाही तर माझी आई इथे मेलीच नाही. मी नुसता पाय मोडून बसलेला माणूस."

"मैं हूँ ना साहब!" मी म्हटलं.

बघा, कसं ते. मला कुणी शेजारी नेमलंय, पहिली नेमलंय! ओळीची आकाशवाणी तर मी होतेच, आता सरकारी शिक्का बसला. पदर खोचला, केसांवरून हात फिरवला, कुठल्या दारापासून सुरुवात करायची ते मनात ठरवलंसुद्धा. एक पाऊल टाकलं असेल नसेल.

"खाली बस," मामा म्हणाले.

त्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"मामा, मयताचं सांगायचंय—"

"मला कळतंय कशाचं हाय ते. बस म्हनलं ना."

"अहो, त्यांच्यात शेजाऱ्यानं सांगायची रीत हाय."

"आन् आपल्यात कुनी सांगायची रीत हुती? ठाव हाय का तुला?"

ठाऊक होतं. म्हणजे धडा पाठ असतो तसं. माझा जन्म आमच्या लोकांनी धर्म बदलल्यानंतरचा. त्याआधी गावात कुणाच्याही वाड्यात मौत झाली, की नातेवाइकांच्या गावी सांगावा न्यायचा तो आमच्या लोकांनी. पायी, ऊन असो की पाऊस. पोचल्यावर अंगणाबाहेर उभं राहायचं, काठी आपटायची आणि लांबूनच ओरडून सांगायचं. तहान लागली तर पाणी वरून, ओंजळीत. परत येऊन सरणाची लाकडं वाहायची. धर्म घेतला त्या साली मामांच्या वडिलांनी ती काठी मोडून चुलीत घातली. मामांनी मात्र त्याआधी कितीतरी गावं त्या काठीनिशी पालथी घातली होती.

"ह्या घरातलं कुनीबी आता कुनाच्या मौतीचा सांगावा घिऊन जायाचं न्हाई," ते म्हणाले. "साहेब असू दे, न्हाईतर राजा असू दे."

मी मटकन बसले. साहेब एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी माझ्या मोडक्या हिंदीत मीच त्याला सांगितलं, का नाही ते. सांगताना सातवीचं काही कामी आलं नाही. त्याने ऐकून घेतलं. मामांना गळ घातली नाही, समजूतही काढली नाही. खुर्चीत मागे टेकला.

तेच मामांना सहन झालं नसावं. कारण मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली.

"तुमच्यातला शेजारी कुठं उभा ऱ्हाऊन सांगतो?"

"उभा? उभं राहून नाही सांगत. आत जातो. टेबलाशी बसतो. घरचे त्याला पेला भरून देतात. तो पितो. मग सांगतो."

"पेला घरातलाच?"

साहेबाला प्रश्नच कळला नाही. "मग दुसरा कुठला?"

"त्या शेजाऱ्याच्या घरी कुनी मेलं, तर?"

"तर मी जायचं."

"शेतकरी गेला का कधी, तुझ्या आजीच्या लोकांच्या मयताचं सांगाया?"

"आजी गेली तेव्हा नाही गेला," म्हणाला. "आज गेला असेल. आमचा पहिला शेजारी आता शेतकरी आहे."

मामा उठून आत गेले. अंघोळ केली. पांढरा सदरा घातला. गुडघ्यांमुळे ते काठीशिवाय नळापर्यंतही जात नसत, म्हणून मी काठी पुढे केली.

"काठी नको," म्हणाले. "आत बसवतील तिथं सांगीन. उभं ठेवतील तिथून परत फिरीन. साहेबाला सांग तसं."

आणि ते भिंत धरून निघाले. मी मागे मागे. त्यांनी मला नको म्हटलं नाही, एवढंच.

खानदेशी मावशी दारातच तांदूळ निवडत होती. "काय व्हयनं बाबा? बठा बठा," म्हणत तिने सूप बाजूला सारलं आणि पाणी आणलं. ओडिशाच्या पोरांची खोली रात्रपाळी करून झोपली होती. ती पोरं धडपडत उठली, वर्तमानपत्र अंथरलं, एकाने शर्ट उलटाच चढवला. प्रत्येक घरी मामा बसायचे, पाणी पूर्ण प्यायचे आणि मगच बोलायचे. "आपल्या साहेबाची आई गेली. तुमी चालवता त्या मागावर तिनं जिंदगी काढली. उद्या दुपारी साहेबापाशी बसाया या." एवढंच. ओडिशाच्या एका पोराने विचारलं, कुठल्या मागावर? मामांना माहीत नव्हतं. "चालू हाय त्याच्यावर," त्यांनी ठोकून दिलं. तो पोरगा तोच माग चालवत होता. त्याने हात जोडले.

शेवटची खोली आमच्याच तालुक्यातल्या बाईची. तिचं माझं चांगलं होतं, असं मी धरून चालले होते. मी भाजीची वाटी पाठवायची, ती तशीच भरलेली परत यायची, "आज उपास हाय" म्हणून. वर्षभर उपास! मी तिला फार देवभोळी समजायचे. ह्यांना सांगायचेसुद्धा, बघा, किती करते देवाचं.

मामा तिच्या दारासमोर उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि ते कशाला आलेत ते ओळखलं. आमच्याच तालुक्यातली ती, तिने न ओळखून कसं चालेल?

"कोन गेलं बाबा?" ती उंबऱ्यातून म्हणाली. "सांगा की तिथूनच."

मामांनी सदरा सारखा केला.

"काही न्हाई. बसाया आलो हुतो," म्हणाले आणि वळले.

परत आल्यावर साहेबाने नुसतं डोळ्यांनी विचारलं.

"एक घर ऱ्हायलं," मामा म्हणाले.

साहेबाने फरशीकडे पाहिलं. आमच्याकडे एक घर राहिलं तर खांदेकरी उचलत नाहीत, असं तो म्हणाला. सांगण्यासाठी नव्हे, आपलं आपल्याशीच.

"नगं उचलू दे," मामा म्हणाले.

त्या दिवशी त्या दोघांत पुढे बोलणं झालं नाही. मी म्हटलं, मीच जाऊन सांगून येते तिला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी नळावर ती माझ्या अंगावर आली. "साऱ्या ओळीला सांगितलं, मलाच न्हाई. मी काय मेले का?"

"काल आले होते की मामा तुझ्याकडं. बसायला."

तिची बादली भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही. म्हणाली, "आमच्या ह्यांना आवडायचं न्हाई." मग म्हणाली, "गावाकडं कळलं तर." मी काही बोलले नाही. माझ्या हयातीत मी इतकी गप्प फार थोड्या वेळा राहिले आहे, आणि तेव्हाही शहाणपण म्हणून नव्हे, मला काही सुचलंच नाही. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "माझी आय गेली तवा तार उशिरा आली. माती झाल्यावर. सांगावा ऱ्हायला की काय हुतं, मला इचार."

ऊन कलायला लागलं तशी ती आमच्या ओट्यावर आली. हातात तांब्या, वर पेला. सगळ्या ओळीसमोर तिने तो मामांपुढे धरला.

"घ्या बाबा. पानी."

मामांनी हात पुढे केला नाही. "माझ्या दारात मला पानी पाजतीस? पाजायचं तर तुझ्या घरात पाज, बाई."

साहेब घड्याळाकडे बघत होता, तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार कलती. ओडिशाची पोरं अंघोळ करून येऊन उभी होती. तिने पेला तांब्यावर पालथा घातला.

"चला," ती म्हणाली.

ती पुढे, मामा मागे, भिंत धरत. तिने खाटेवर धुतलेली चादर टाकली. मामा बसले. तिने पेला भरून हातात दिला, वरून नाही ओतला, हातात दिला. मामा प्यायले. सावकाश, इतके सावकाश की मला वाटलं, अहो मामा, तिकडे माणसं खोळंबलीत, आटपा. पेला रिकामा झाला. त्यांनी तो खाली ठेवला.

"बाई, आपल्या साहेबाची आई गेली. आज तिला नेनार हायेत. बसाया या."

आणि ती रडायला लागली. जिला कधी पाहिलं नाही, जिच्या देशाचं नाव तिला धड घेता येत नव्हतं, तिच्यासाठी. किंवा तिच्यासाठी नसेलही.

मामा परत आले. साहेबासमोर उभे राहून म्हणाले, "सब को बोला."

साहेबाने घड्याळ पाहिलं. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागला. मी नको नको म्हणेपर्यंत तो प्लास्टरवर उभाही राहिला. "आता उचलतील," म्हणाला. त्याचा तोल जायला लागला तेव्हा मोडक्या पायाच्या बाजूने मामा उभे राहिले, आणि साहेबाने सगळा भार त्यांच्या खांद्यावर टाकला. मामांच्या गुडघ्यांना तो पेलवत नव्हता. मी आधाराला पुढे झाले, त्यांनी डोळ्यांनीच मला मागे सारलं. ओळीतली माणसं एकेक करून ओट्यावर येत होती, ती बाईसुद्धा. मग कुठे साहेब रडला, मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, आणि ते दोघं तसेच उभे राहिले, तिकडे तिला खाली ठेवेपर्यंत.